लातूरला पाऊस पडतो हो!

कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन कुठं जावं असं कुणी विचारलं आणि आपण नांदेड-लातूरचं नाव काढलं, की समोरचा आधी हसतो. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘मराठवाड्यात? अहो, तिथं पाऊसच पडत नाही. गाडीच्या टाकीत भरायला तरी पाणी मिळेल का?’ हे म्हणणारा बहुतेक वेळा पुण्याचा असतो, म्हणून उत्तराची सुरुवातही पुण्यापासूनच करू.

हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणे पुण्यात शिवाजीनगरला वर्षाकाठी सरासरी ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूर जिल्ह्याची सरासरी आहे ८०० च्या आसपास. नांदेडची त्याहून जास्त, आणि किनवट-माहूरकडे तर आकडा १००० च्या पुढं जातो. ‘पाऊसच पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे कृपया दोनदा वाचावेत.

मग पुण्याला नळ आणि लातूरला टँकर, हे कसं? कारण पुणं स्वतःच्या डोक्यावर पडलेलं पाणी पितच नाही. ते पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या वर सह्याद्रीत कोसळलेलं पाणी पितं. लातूरच्या पाठीशी असा घाटमाथा नाही. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि धनेगावचं मांजरा धरण भरायला तिला त्याच बेताच्या पावसाच्या पट्ट्यातून पाणी गोळा करावं लागतं. लागोपाठ दोन-तीन पावसाळे हुकले की धरण तळ गाठतं. जमिनीखाली काळा कातळ, त्यात पाणी फारसं साठत नाही. आणि वर मांजरा पट्ट्यातला ऊस, त्याची तहान वेगळी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते हे सगळं एकदम जुळून आल्यामुळं. त्या गाडीचे फोटो देशभर फिरले. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरलं, ते मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. दहा वर्षं झाली, लोकांच्या डोक्यातली ती रेल्वे अजून फलाटावरच उभी आहे.

थोडक्यात, दुष्काळ खरा आहे, वारंवार येणारा आहे, त्याची चेष्टा कुणी करू नये. पण त्यातून ‘तिथं नदी नाही, तळं नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे नकाशाच न उघडणं. नांदेड शहराला लागून गोदावरी वाहते. विष्णुपुरीला तिच्यावर शंकर सागर जलाशय आहे. कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र तलाव आहे आणि त्याच तालुक्यात बारूळला मन्याड नदीवरचं धरण. पैनगंगा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावं पाण्यात गेली, लष्कर बोलवावं लागलं. पाऊस पडत नाही म्हणे!

‘बरं, पाणी मानलं. पण जंगल?’ हा पुढचा प्रश्न. इथं मात्र दोन जिल्हे वेगळे करावे लागतात. लातूरच्या बाबतीत टोमणा बऱ्यापैकी खरा आहे : जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगलाचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. वडवळ नागनाथचं औषधी वनस्पतींचं बेट किंवा उदगीरजवळचं हत्तीबेट जरूर पाहा, पण अरण्य म्हणून नव्हे. नांदेडचा उत्तरेकडचा कोपरा ही वेगळीच गोष्ट आहे. हिमायतनगर सोडून इस्लापूरकडं निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. त्याचं कोवळं पान चुरगाळा, बोटं लाल होतात. पुढं मोह, तेंदू, बांबू, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. गोंड, कोलाम, आंध यांची गावं आणि बंजारा तांडे याच पट्ट्यात आहेत. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं आहे. यावरही विश्वास नसेल तर वाघाला विचारा. भारतीय वन्यजीव संस्थेनं रेडिओ कॉलर लावलेला टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये पैनगंगा अभयारण्य आणि हिंगोली जिल्हा ओलांडत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला कुणी ‘मराठवाड्यात काय आहे’ असं सांगितलेलं नव्हतं.

आता जे निघालेच आहेत, त्यांचे गैरसमज.

‘गाडीतच झोपायचं, मग जंगलात कुठंही थांबू.’ नाही. अभयारण्यात बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय शिरता येत नाही, हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सांगतो. राखीव वनात चूल पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणात गाडी उभी करायला कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, ती उगाच नाही. माहूर, उनकेश्वर इथं भाविकांची वर्दळ असते. तिथं विचारून, दिव्याच्या उजेडात गाडी लावा. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरेही आहेत.

‘सहस्रकुंडचा धबधबा उन्हाळ्याच्या सुट्टीत करू.’ करा, पण तेव्हा काळा कातळ आणि त्यातले रांजणखळगे दिसतील. धबधबा पाहायचा तर ऑगस्ट ते ऑक्टोबर.

‘नदीपात्रातली वाळू मुक्कामाला छान.’ पाऊस वर, दुसऱ्याच तालुक्यात पडतो आणि धरणाचे दरवाजे उघडायची वेळ तुम्हाला विचारून ठरत नाही.

‘जुनी ट्रॅव्हलर घेऊ, गॅरेजमध्ये पलंग आणि ओटा ठोकून घेऊ.’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीच्या कागदावर जशी गाडी आहे तिच्यापेक्षा वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच ठणकावलं. आरटीओची मंजुरी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी कुठलं बोट कुठं दाखवेल, ते सांगायला नको.

आणि एक गैरसमज कोकण-गोवा फिरलेल्यांचा : सपाट रान दिसलं की गाडी घाला. ही काळी माती आहे. वरून कोरडी, भेगाळलेली दिसते. रात्रीतून एक सर आली की भरल्या टाकीची जड गाडी आसापर्यंत रुतते, चाक फिरवाल तेवढा खड्डा खोल होतो आणि मागं चिखलाचा थर चिकटत जातो. मग ट्रॅक्टर शोधा. मुक्कामाला मुरमाड जागाच बघा, आणि सोयाबीन काढून मोकळं झालेलं वावर कितीही पटांगणासारखं वाटलं तरी मालकाला विचारल्याशिवाय गाडी आत घालू नका.