सहीची चावी कोणाकडे?

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले की वाटेत लाखनी लागते. तालुक्याचे गाव; आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव. लाखनीत आता नगरपंचायत आहे, पण तालुक्यातल्या खेड्यांचा कारभार ग्रामपंचायतीच पाहतात. 2011 पासून महाराष्ट्रात त्यातल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कधी आपल्या मोहल्ल्यातली एखादी भाभीही सरपंच होते.

मग प्रशिक्षणाचे पत्र येते. सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या सर्वांसाठी शासन असे वर्ग घेते; राज्य पातळीवर हे काम पुण्याची ‘यशदा’ पाहते. पत्र वाचून घरात पहिला प्रश्न निघतो, "मुलांचं आणि जेवणाचं काय?" शौहर लगेच म्हणतात, "राहू दे, मीच जाऊन येतो."

वाचक भगिनींनो, आमचे भांडण या वाक्याशी आहे.

वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि संगणकावरून खर्च होतो. ग्रामपंचायत अधिकारी देयक तयार करतो, सरपंच डिजिटल सहीने मंजूर करते. ही सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक छोटी चावी आणि तिचा पासवर्ड. ती दिराच्या खिशात किंवा ऑपरेटरच्या टेबलात पडून राहिली, तर पैसे दुसराच काढील आणि चौकशीत नाव भाभीचे निघेल. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 39 खाली गैरवर्तनासाठी पदावरून काढतात ते तिला, शौहरांना नाही.

वर्गात बसलेल्या बाईला आणखीही कळते. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. त्यातून कमानी उभारता येत नाहीत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हेही कायद्यातच आहे.

वर्ग घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. रोवणीच्या दिवसांत बायकांना बोलावू नका. पडद्यावरची वाक्ये दिवसभर वाचून दाखवण्यापेक्षा अर्धा दिवस तिलाच संगणकापुढे बसवा.

आणि घरच्यांना? लेकरू तान्हे असेल तर सासूबाईंनी किंवा नणंदेने सोबत जावे. शौहरांनी त्या दिवशी घरी थांबून भात शिजवावा. भंडाऱ्यात तांदळाला काही तोटा नाही.