अरुंधती दाखवायची तर रात्रीच : सर्वणच्या आकाशातले सप्तर्षी कधी, कुठे आणि कसे बघायचे

डिचोली : लग्नात सप्तपदी झाली की भटजी नवरानवरीला वर बघायला सांगतात. ध्रुव बघा, अरुंधती बघा. मुहूर्त असतो दुपारी साडेबाराचा, डोक्यावर हॉलचा पत्रा आणि गरगरणारा पंखा. नवरी मान वर करते, फोटोग्राफर फोटो काढतो, विधी संपतो. डिचोली, पेडणे असो की पलीकडचे दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर, चित्र सगळीकडे एकच. लग्नाला वीस वर्षे झालेल्या जोडप्यांना विचारले तरी अरुंधती नेमकी कुठली, हे सांगणारे फार थोडे निघतील.

मूळ विधी रात्रीचाच आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात तो सांगितला आहे : लग्नानंतर वधूने मौन पाळायचे, रात्री ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसले की मगच बोलायचे. म्हणजे तारे खरोखर दिसेपर्यंत वाट बघणे हाच त्या विधीचा भाग होता. आता हॉल संध्याकाळी पाचला रिकामा करून द्यायचा असतो, त्यामुळे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्यांना खरोखर बघायचे आहे, त्यांच्यासाठी कारापूर-सर्वणसारख्या गावात अजून सोय आहे. दुर्बीण लागत नाही. महिना बरोबर हवा आणि उत्तरेची बाजू मोकळी हवी.

महिना कुठला?

सप्तर्षी बारा महिने दिसतात असा एक समज आहे. तो पुस्तकांतून आला आहे, आणि ती पुस्तके बहुतेक युरोपात लिहिलेली. लंडनहून बघितले तर सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. रात्रभर, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहतात. गोव्याचे अक्षांश साधारण साडेपंधरा अंश. इथून सप्तर्षी इतर नक्षत्रांसारखेच उगवतात आणि मावळतात. सर्वणहून बघणाऱ्याला ते ईशान्येला, तिळारीच्या डोंगरांच्या अंगाने वर येताना दिसतात, आणि पेडण्याच्या बाजूला वायव्येत बुडतात.

तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. त्या वेळी संध्याकाळी सप्तर्षींचा पत्ताच नसतो. डिसेंबरच्या मध्यावर वसिष्ठ-अरुंधती क्षितिजावर येतात रात्री एकच्या सुमारास. जानेवारीच्या मध्यावर पावणेअकराला, फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेनऊला. त्यात डोंगर किंवा झाडे ओलांडायला आणखी अर्धा तास धरावा. मार्चमध्ये जेवणाच्या आधीच सगळे सात तारे वर आलेले असतात. एप्रिल आणि मे हे खरे त्यांचे महिने. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या आसपास वसिष्ठ उत्तरेला सर्वांत उंच, क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवर असतो. जूनमध्ये पाऊस लागतो आणि पुढचे तीन-चार महिने विषय बंद.

म्हणजे माघ ते वैशाख या काळात ज्यांचे लग्न आहे, त्यांना रात्री घराच्या अंगणातूनच अरुंधती दाखवता येईल. मार्गशीर्षातल्या नवरीला मात्र रात्री एकपर्यंत जागे ठेवावे लागेल!

ओळखायचे कसे?

उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. चार तारे चौकोनात आणि तीन त्यांच्या मागे शेपटीसारखे, असा पतंग दिसतो. मार्चमध्ये तो ईशान्येला उभा असतो, शेपटी खाली. मेमध्ये तो उंच गेलेला असतो, चौकोन डाव्या हाताला आणि शेपटी उजव्या हाताला. चौकोनातले चौघे क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री. शेपटीत अंगिरा, वसिष्ठ आणि टोकाला मरीची.

शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे, म्हणजे वसिष्ठाकडे, जरा नजर रोखून पाहावे. त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे. तीच अरुंधती. दोघांमधले अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडे जास्त. आधी ठळक तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने बारीक तारा, या युक्तीवरून संस्कृतात ‘अरुंधती-दर्शन न्याय’ असा वाक्प्रचारच झाला. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची ही पद्धत, आणि शिकवण्याची याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही.

इथे एका भीतीचा निकाल लावला पाहिजे. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असे जुनी माणसे सांगतात. घरातली वयस्क बाई मुलांबरोबर अंगणात येते, तिला तारा दिसत नाही, आणि ती गप्प होऊन आत जाते. यात मरणाचा काही संबंध नाही. अरुंधती हा मंद तारा आहे आणि तो वेगळा दिसायला नजर साफ लागते. अरब लोकही हाच तारा दृष्टीची पारख करायला वापरत. साठी ओलांडलेल्या माणसाला तो दिसत नसेल तर बहुधा मोतीबिंदू असतो किंवा चष्म्याचा नंबर बदललेला असतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे, ऑपरेशन करून घ्यावे आणि पुढच्या मार्चला पुन्हा बघावे.

अस्वल, ऋषी आणि म्हातारीची बाज

ग्रीकांनी या ताऱ्यांत अस्वल पाहिले. कॅलिस्टो नावाच्या वनकन्येवर देवांचा राजा झ्यूस भाळला, आणि पुढे तिला अस्वल व्हावे लागले. झ्यूसने तिला आकाशात नेऊन ठेवले, तर त्याची बायको हेरा समुद्रदेवाकडे गेली आणि या अस्वलाला तुझ्या पाण्यात अंघोळीला येऊ देऊ नको म्हणून सांगून आली. ग्रीसहून हे तारे समुद्रात बुडत नाहीत, त्याचे कारण सांगणारी ही गोष्ट. होमरच्या काव्यातही समुद्रात न उतरणारे अस्वल आहे. गोव्याहून बघितले तर हेराचा शब्द कुणी पाळलेला दिसत नाही. इथे अस्वल रोज पाण्यात उतरते.

गंमत अशी की आपल्याकडेही अस्वल होते. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, आणि ऋक्ष म्हणजे अस्वल. त्याच ठिकाणी कृत्तिका या त्यांच्या बायका, असेही येते. नवरे उत्तरेला उगवतात, बायका पूर्वेला, म्हणून त्यांची ताटातूट. याच ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे जे म्हटले आहे, त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. दीक्षित कोकणातलेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली निघाले.

ताटातुटीची पूर्ण कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. अग्नी सप्तर्षींच्या पत्नींवर मोहित झाला. स्वाहेला अग्नी हवा होता, म्हणून तिने एकेका ऋषिपत्नीचे रूप घेतले. सहा जणींचे तिला जमले, सातवीचे काही जमेना. ती सातवी अरुंधती. पुढे संशय आला आणि सहा ऋषींनी बायकांना टाकले. त्या सहा जणी म्हणजे कृत्तिका, कार्तिकेयाच्या आया. वसिष्ठाजवळ अरुंधती राहिली, आणि आकाशातही तशीच दिसते. लग्नात तिला बघायला सांगतात ते यासाठी. सहा जणींचा काहीही दोष नसताना त्या घराबाहेर गेल्या, हे मात्र या कथेत कुणी फारसे बोलत नाही. आज हा भागही नवरा-नवरीला सांगायला हरकत नसावी.

विदर्भातल्या गोंड वगैरे आदिवासी समाजांत वेगळीच गोष्ट चालते. चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. एकदा हे ऐकले की पतंग दिसायचा बंद होतो, बाजच दिसते.

भाद्रपदात चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. गोव्यात तो नव्याचा, भाताच्या नव्या कणसांचा दिवस. त्या संध्याकाळी सप्तर्षी वायव्येला खाली कललेले असतात, चौकोन तर जवळजवळ बुडालेला. तेही ढग नसतील तर.

ध्रुव दीड मुठीवर

पुलहापासून क्रतूपर्यंत रेघ ओढून ती तशीच पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो. मेमध्ये ही रेघ वरून खाली येते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचे अक्षांश. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची, म्हणजे सर्वणला ध्रुव फक्त दीड मुठीवर. बेळगावात जेमतेम तेवढाच, मुंबईत जवळजवळ दोन मुठी, लंडनला पाच. लंडनला राहणाऱ्या मुलाला फोनवर मुठी मोजायला सांगितल्या तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा दोन्ही घरांत मिळतो.

दीड मूठ म्हणजे फार कमी. उत्तरेला कुळागर असेल, शेजारचे दुमजली घर असेल, तर ध्रुव संपला. शिवाय इतक्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जवळजवळ चौपट हवेतून येतो, त्यामुळे तो आणखी फिका पडतो. ध्रुव सर्वांत तेजस्वी असतो हाही चुकीचा समज आहे. तो क्रतूएवढाच आहे. संध्याकाळी पश्चिमेला झगझगणाऱ्या शुक्राला ध्रुव म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात.

तो अढळही नाही. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो. पाच हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळ कालेय तारकासमूहातला तारा होता. सध्याचा ध्रुवतारा नेमक्या बिंदूपासून एका अंशाहून कमी अंतरावर आहे आणि २१०० च्या सुमारास सर्वांत जवळ असेल.

दुर्बीण असेल तर

साध्या दुर्बिणीतून वसिष्ठाकडे पाहिले तर तो स्वतःच दोन तारे आहे असे दिसते. १८५७ मध्ये फोटो काढलेला हा पहिला जोडतारा. १८८९ मध्ये त्यातल्या एकाच्या वर्णपटावरून तोही जोडी असल्याचे कळले, पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीचाही एक मंद सोबती सापडला. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या या दोघांत एकूण सहा तारे आहेत. अंतर सुमारे ८० प्रकाशवर्षे. आज दिसणारा अरुंधतीचा प्रकाश निघाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि दोडामार्गच्या नाक्यावरची सरहद्द दोन राजवटींची होती.

सातांपैकी मधले पाच, पुलह ते वसिष्ठ, खरोखर एका कुटुंबातले आहेत. एकत्र जन्मलेले आणि अवकाशात एकाच दिशेने निघालेले. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र परके, त्यांची वाट वेगळी. लाखभर वर्षांनी पतंग मोडलेला असेल.

क्रतूच्या पलीकडे उत्तरेला दोन दीर्घिका आहेत, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. अगदी काळोख्या रात्री मोठ्या द्विनेत्रीतून त्या दोन पुसट डागांसारख्या दिसतात. आपल्याकडच्या दमट हवेत मेपेक्षा मार्च बरा. ज्यांच्याकडे काहीच साधन नाही त्यांनी शेपटीचा बाक तसाच पुढे न्यावा. आधी नारिंगी स्वाती लागतो, मेच्या रात्री जवळजवळ डोक्यावर. मग पांढरी चित्रा. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी या संस्थेने पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवरून वर्षानुवर्षे लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवले आहे.

अत्री दिसतो का?

आता अडचण उजेडाची. सातांत सर्वांत फिका अत्री, चौकोनात शेपटी जिथे जोडली आहे तिथला. शहरात पहिल्यांदा नाहीसा होतो तो हाच, आणि मग चौकोनाचा त्रिकोण होतो. अरुंधती त्याच्याहून मंद, ती आणखी आधी जाते. आपल्या वाड्यावरचे आकाश किती काळे राहिले आहे हे तपासायला यापेक्षा सोपे मोजमाप नाही.

सर्वणच्या वायव्येला, सप्तर्षी मावळतात त्याच बाजूला, पेडण्यात मोपाचा विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. विमानतळाला उजेड लागणारच, तो बंद करा असे कुणी म्हणणार नाही. पण वाड्यावरचे रस्त्याचे दिवे, बागायतीतले फोकस, देवळापुढचे हॅलोजन यांचा निम्मा उजेड विनाकारण आकाशात जातो. दिव्यावर झाकण बसवून तो खाली वळवला तर रस्ता उलट जास्त उजळतो आणि बिलही वाढत नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती दिव्यांची अशीच व्यवस्था लावून. गावाला पार्क व्हायची गरज नाही. पंचायतीने नवे दिवे लावताना एवढे बघितले तरी पुरे.

वैशाखात शिरगावला लईराईची जत्रा असते. हजारो माणसे रात्रभर उघड्यावर असतात. त्या रात्री पंचमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी उत्तरेला उंच असलेले सप्तर्षी पहाटे चारला वायव्येकडे उतरलेले असतात, शेपटी वर आणि चौकोन खाली. जत्रेच्या दिव्यांपासून जरा बाजूला, काळोखात दहा मिनिटे उभे राहिले की डोळे सरावतात आणि अत्री दिसू लागतो. अरुंधतीला आणखी पाच मिनिटे द्यावीत.