चाळण हवी, चहाडी नको

रविवारची सकाळ होती. आमचे आठवीतले चिरंजीव लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते आणि सासूबाई शेजारी बसून गवार निवडत होत्या. त्याने कुठेतरी क्लिक केलं आणि पडद्यावर जे काही उघडलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी गवारीचं ताट उचललं आणि एक शब्द न बोलता त्या आत गेल्या. मुलाचे कान लालभडक. ‘मी नाही गं उघडलं, आपोआप आलं,’ एवढंच म्हणाला. आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो नेटवर्किंगमधला. म्हणाला, ‘मावशी, एकेका फोनला कुलपं लावत बसू नकोस. राउटरवरच डीएनएस फिल्टर लाव. सगळं घर एका चाळणीतून जाईल.’

मैत्रिणींनो, डीएनएस या शब्दाला घाबरू नका. पूर्वी आपण १९७ फिरवून नाव सांगायचो आणि पलीकडून नंबर मिळायचा, आठवतंय? इंटरनेटवर १९८३पासून हेच चाललंय. आपण नाव टाइप करतो, पण यंत्रांना कळतात फक्त आकडे. म्हणून आपला राउटर दर वेळी कुणाला तरी ‘या नावाचा नंबर काय?’ असं विचारतो. एरवी हे उत्तर आपली इंटरनेट कंपनी देते. त्याऐवजी नको त्या नावांचा नंबरच न देणारी सेवा निवडायची. ती चालते दूर कुठल्यातरी सर्व्हरवर, त्यामुळे घरात नवीन डबडं आणावं लागत नाही.

या सेवा दोन तऱ्हेच्या. पहिली, नुसती चाळण. क्लाउडफ्लेअरची २०२० साली सुरू झालेली कुटुंबांसाठीची सेवा (१.१.१.३), ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड (२०८.६७.२२२.१२३) आणि क्लीनब्राउझिंगचं फॅमिली फिल्टर (१८५.२२८.१६८.१६८) ही त्यातली नावं. खातं नाही, पैसे नाहीत, आकडे भरले की झालं. क्लीनब्राउझिंग गुगलचा सुरक्षित शोधही सक्तीने चालू ठेवतं. मात्र काय बंद करायचं ते तेच ठरवणार. आणि चाळणीतून कधी चांगला दाणाही अडतो. क्लाउडफ्लेअरची सेवा सुरू झाली तेव्हा समलिंगी व्यक्तींना माहिती आणि आधार देणारी काही संकेतस्थळंही चुकून बंद झाली होती. कंपनीने चूक मान्य करून ती दुरुस्त केली.

दुसऱ्या तऱ्हेत खातं उघडावं लागतं. ओपनडीएनएस होम, नेक्स्टडीएनएस अशा सेवांमध्ये जुगार बंद, अमुक एक संकेतस्थळ चालू, असं आपल्या मनासारखं ठरवता येतं. नेक्स्टडीएनएस महिन्याला तीन लाख विचारणांपर्यंत फुकट. त्यापुढे महिना संपेपर्यंत नंबर मिळत राहतात, पण चाळण बंद. टीव्हीपासून फोनपर्यंत सगळेच दिवसभर नावं विचारत असतात, तेव्हा हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. आणि या तऱ्हेत आणखी एक सोय असते, नोंदींची. घरातून कुठलं नाव कधी विचारलं गेलं, त्याची यादीच समोर येते.

मला अर्थातच दुसरी तऱ्हा आवडली. हाताशी सगळं असलेलं बरं, नाही का? भाच्याने फोनवरून सांगत सांगत लावून दिलं आणि मी रोज रात्री यादी वाचू लागले. खरं सांगते, दुसऱ्याचं पत्र चोरून वाचण्यासारखी गोडी असते त्यात. मुलाच्या नोंदी निरुपद्रवी निघाल्या. क्रिकेट, गेम, शाळा.

चौथ्या दिवशी मात्र रात्री दोन ते साडेतीनच्या नोंदी दिसल्या. नोकऱ्यांची तीन-चार संकेतस्थळं, मग वैयक्तिक कर्जाची, पुन्हा नोकऱ्यांची. राउटरवर नुसते आकडे भरले, की कुणाचा फोन ते कळत नाही, सगळं घर एकच दिसतं. पण मुलगा तेरा वर्षांचा, सासूबाई नऊला झोपतात आणि माझी नोकरी सरकारी. उरलं कोण?

दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. यांना पोळी वाढतानाही नजर चुकवत होते. तिसऱ्या रात्री विचारलंच. हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ऑफिसात माणसं कमी करतायत. नक्की कळलं की सांगणार होतो.’ आणि थोड्या वेळाने, ‘पण तुला कसं कळलं?’

त्या प्रश्नाचं उत्तर देताना वाटलेली लाज गवारीच्या दिवसापेक्षा मोठी होती. मुलासाठी लावलेल्या चाळणीने नवऱ्याची चहाडी केली होती. त्यांनी मला सांगायला हवं होतं, हे खरंच. पण केव्हा आणि कसं, हे ठरवायचा हक्क मी काढून घेतला, हेही तेवढंच खरं. आणि जी यादी मला दिसत होती, ती सेवेच्या सर्व्हरवरही साठत होतीच की!

दुसऱ्याच दिवशी ते खातं बंद केलं आणि नुसती चाळण लावली. नंबर सांगणाऱ्याला आपण कुणाचा नंबर विचारतोय हे तर कळणारच, पण निदान घरातल्या घरात पाळत नको. खात्याचीच सेवा हवी असेल, तर आधी नोंदी बंद करता येतात का ते बघा.

काही खाचाखोचाही सांगते. राउटरचा पासवर्ड बहुधा त्याच्या पाठीवरच छापलेला असतो, तो आधी बदला. आयपीव्ही-६ चालू असेल, तर त्याच्या रकान्यातही त्याच सेवेचे आकडे भरा, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं. नाशिकच्या बहिणीकडे खात्याची सेवा नीट चालेचना. अनेक घरांना मिळून एकच पत्ता देणारी तिची जोडणी होती, मग सेवेने तिचं घर ओळखायचं कसं? तिथे नुसती चाळणच कामाला आली. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे रकाने बदलूच देत नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

आणि ही चाळण यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या आत काय चाललंय ते बघत नाही. मोबाइलचा डेटा किंवा व्हीपीएन चालू केला की तिची हद्द संपते. तेव्हा मुलांना विश्वासात घ्यायला पर्याय नाही. मी मुलाला सगळं सांगितलं, काय लावलंय आणि का लावलंय तेही.

परवा तो आपणहून आला. ‘आई, प्रकल्पासाठी एक साइट हवीय, आपल्या वायफायवर उघडत नाही.’ माझ्या मोबाइलच्या डेटावर दोघांनी मिळून ती उघडली. शेजारी हे मुलाखतीची तयारी करत बसले होते. दिवसाढवळ्या, दिवाणखान्यात.