नव्या पाखराची पहिली रात्र

घरात नवे बजरीगर आले की पहिल्या रात्री मुलांची झोप उडते आणि पाखराचीही. अंधारात अचानक पंख फडफडतात, तारांवर आदळल्याचा आवाज येतो. हा हट्ट नव्हे, भय आहे. बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, थव्याने राहणारा पक्षी. अनोळखी जागी एकटेपणा त्याला संकटच वाटतो.

त्याला रोज 10 ते 12 तास शांत झोप हवी. म्हणून रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालणारी खोली टाळावी. ठरावीक वेळी दिवे मंद करून पिंजऱ्याच्या तीन बाजू सुती कापडाने झाकाव्यात. हवेसाठी एक बाजू मोकळी असू द्यावी. फडफड झालीच, तर आत हात घालू नये. मंद दिवा लावावा आणि तो दांडीवर स्थिरावेपर्यंत हलक्या आवाजात बोलत राहावे.

मुलांच्या हट्टाखातर पिंजरा त्यांच्या निजायच्या खोलीत मात्र ठेवू नका. पिसांच्या धुळीने दमा बळावू शकतो. वाळलेल्या विष्ठेच्या कणांतून क्वचित सिटाकोसिस हा जंतुसंसर्ग होऊन न्यूमोनियापर्यंत मजल जाते. म्हणून पिंजऱ्याच्या तळाचा कागद ओलसर करून रोज बदलावा आणि हात साबणाने धुवावेत. पिंजऱ्याजवळ डासांची कॉइल किंवा धूप लावू नये. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते.

आणि घरात कुणाला ताप-खोकला आला, तर पक्षी पाळला असल्याचे डॉक्टरांना न विचारताही सांगा. निदानाची वाट अनेकदा त्या एका वाक्याने सापडते.