हार्वर्ड शिक्षण-विमानाच्या अपघातांविषयी

‘विमानाला अपघात झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी काही केले असे त्या वाक्यात म्हटलेले नसते. जे घडले ते आपोआप घडले, असाच वाक्याचा रोख असतो. उलट ‘वैमानिकाची चूक’ हा शब्दप्रयोग आला की सारा दोष एका माणसाच्या माथी जातो आणि पुढची चौकशी थांबते. या दोन्ही शब्दप्रयोगांनी काय झाकले जाते, हे हार्वर्ड या जुन्या लष्करी शिक्षण-विमानाच्या इतिहासावरून चांगले दिसते.

या विमानाच्या मूळ नमुन्याने अमेरिकेत १ एप्रिल १९३५ रोजी पहिले उड्डाण केले. अमेरिकी सैन्यात ते ‘टेक्सन’ म्हणून, तेथील नौदलात ‘एसएनजे’ म्हणून आणि ब्रिटन व राष्ट्रकुलातील देशांत ‘हार्वर्ड’ म्हणून ओळखले गेले. पंधरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. भारतीय हवाई दलातील वैमानिकांच्या एका पिढीचे शिक्षणही याच विमानावर झाले. प्राथमिक विमानावर हात बसलेल्या विद्यार्थ्याला लढाऊ विमानासाठी तयार करणे, हे त्याचे काम होते.

हे विमान चुकीला क्षमा करणारे नव्हते. त्याची दोन मुख्य चाके पुढे, तिसरे लहान चाक शेपटीखाली, आणि विमानाचा भारमध्य मुख्य चाकांच्या मागे. उतरल्यावर नाक किंचित जरी वाकडे झाले, तरी मागचा भार पुढच्या चाकांना वळसा घालून पुढे येऊ पाहतो आणि वैमानिकाने पायाने वेळीच आवरले नाही, तर विमान धावपट्टीवरच गर्रकन फिरते. त्यात पंखाचे टोक जमिनीला घासते, कधी चाकांचा सांगाडा मोडतो. माणूस बहुधा वाचतो. याहून घातक प्रकार आकाशातला. वेग घटला असता नाक उचलून धरले की पंखावरून वाहणारी हवा तुटते आणि त्याची उचल एकाएकी कमी होते. हार्वर्डमध्ये अशा वेळी एक पंख झटकन खाली जातो. पुरेशी उंची असेल तर सावरता येते. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर ती उंची नसते.

ज्याने हार्वर्ड आवरले त्याला लढाऊ विमान जड जाणार नाही, असे शिक्षकवर्ग म्हणत असे, आणि त्यात तथ्य होते. परंतु या गुणगौरवात एक गोष्ट सहज विसरली जाते : या धड्याची किंमत पुष्कळदा विशीतल्या मुलांनी दिली. तरीही अशा अपघातांपुरते ‘चूक’ आणि ‘कौशल्य’ हे शब्द निरर्थक नाहीत.

कॅनडातील मूस जॉ येथे ८ एप्रिल १९५४ रोजी शिक्षण-उड्डाणावरील एक हार्वर्ड प्रवासी विमानावर आदळून ३७ माणसे मेली. दोन विमानांनी एकच आकाश कसे वाटून घ्यावे, हा तेथील प्रश्न होता. हार्वर्डच्या बांधणीशी त्याचा संबंध नाही. एकूण अपघातांच्या आकड्यात मात्र असे प्रसंगही मिसळून जातात.

तिसरा प्रकार अगदी निराळा आहे. ९ मे २००५ रोजी फ्लोरिडातील किसिमीजवळ याच जातीच्या एका विमानाचा पंख हवेत तुटून निघाला आणि आतील दोघेही मृत्यू पावले. कारण होते धातूचा थकवा. हा शब्द माणसाच्या अनुभवावरून घेतलेला आहे आणि म्हणूनच थोडा फसवा आहे. माणसाचा थकवा विश्रांतीने जातो, धातूचा जात नाही. पंखावर वारंवार पडणाऱ्या ताणाने सूक्ष्म भेग पडते, प्रत्येक ताणाबरोबर ती किंचित वाढते आणि उरलेला धातू भार सोसेनासा झाला की एका क्षणात तुटतो. त्या क्षणी आत कितीही निष्णात वैमानिक बसलेला असो, पंखावाचून त्याच्या कौशल्याचा उपयोग नाही.

हार्वर्डचा बाहेरचा पंख मधल्या भागाला धातूच्या अँगलांनी आणि बोल्टांच्या रांगेने जोडलेला असतो आणि हा सांधा पट्टीखाली झाकलेला असतो. विमान किती तास उडाले हे नोंदवहीत सापडते. त्या तासांत त्याने काय सोसले, ते आकड्यावरून कळत नाही. सरळ उड्डाणाचा एक तास आणि कोलांट्यांचा एक तास वहीत सारखाच दिसतो. कोलांटी घेताना पंखावर विमानाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार सहज येतो. सैन्यातून निवृत्त झालेली ही विमाने पुढे हौसेच्या उड्डाणांसाठी, पैसे घेऊन प्रवाशांना कोलांट्यांचा अनुभव देण्यासाठीही वापरली गेली. सैनिक धोका पत्करून बसलेला असतो. तिकीट काढून बसलेल्या माणसाला पट्टीखालचा सांधा दिसत नाही आणि त्याविषयी विचारायचे असते हेही ठाऊक नसते. माझ्या मते सुरक्षिततेचा खरा प्रश्न येथे आहे.

किसिमीच्या घटनेनंतर २००५ सालीच अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने दोन्ही पंखांच्या या अँगलांची तपासणी सक्तीची केली आणि दर २०० उड्डाण-तासांच्या आत ती पुन्हा करावी असे ठरविले. अँगलवर चमकणारा रंगद्रव मुरू देतात, पृष्ठभाग पुसून कोरडा करतात आणि अतिनील प्रकाशाखाली पाहतात. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग उजळ रेषेसारखा दिसतो. मग तो अँगल काढून नवा बसविल्याखेरीज विमान उडविता येत नाही.