कंपनी डबघाईला आली असेल, तर तिचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

गाणी रेकॉर्ड करणारे, व्हिडिओ एडिट करणारे किंवा डिझाइनचं काम करणारे मित्र मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. सॉफ्टवेअर आवडलेलं असतं आणि सेलमध्ये किंमतही उतरलेली असते. पण कंपनीत कर्मचारी कपात झाल्याची किंवा ती विक्रीला निघाल्याची बातमी कानावर आलेली असते. मग पैसे भरावेत की थांबावं?

कंपनी टिकेल की नाही, हे बाहेर बसून तुम्हाला-मला कळणार नाही. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारूया: कंपनी उद्या बंद पडली, तर माझं नेमकं काय काय बंद पडेल? याचं उत्तर मात्र पैसे भरण्याआधी घरबसल्या शोधता येतं.

आधी एक खरी गोष्ट

केकवॉक ही संगीताच्या सॉफ्टवेअरमधली जुनी कंपनी, सुरुवात १९८७ ची. तिचं 'सोनार' हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर खूप लोक वापरायचे. २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने रोलँडकडून केकवॉक घेतली. २०१६ मध्ये 'सोनार प्लॅटिनम'साठी 'लाइफटाइम अपडेट्स'ची योजना आली, म्हणजे एकदा पैसे भरा आणि पुढचे अपडेट कायमचे मिळवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने जाहीर केलं, की केकवॉकच्या उत्पादनांचं काम थांबवतोय.

पुढे १ मे २०१८ ला गिब्सनने स्वतः अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. तारखा नीट बघा. कर्जबाजारी झालेली मोठी कंपनी आधी आपल्या फांद्या तोडते. त्यामुळे मूळ कंपनी कोर्टात जायच्या कितीतरी आधी तुमचं सॉफ्टवेअर बंद होऊ शकतं. गिब्सन त्याच वर्षी दिवाळखोरीतून बाहेर आली आणि आजही गिटार विकते. म्हणजे कंपनी वाचली, तरी सॉफ्टवेअर वाचेलच असं नाही.

केकवॉकच्या वापरकर्त्यांचं नशीब मात्र बरं निघालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बॅन्डलॅबने केकवॉकची काही मालमत्ता आणि बौद्धिक संपदा विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत तेच सॉफ्टवेअर मोफत दिलं. जुने प्रोजेक्ट त्यात उघडत होते. पण प्लॅटिनमसोबत मिळणारे इतर कंपन्यांचे प्लगइन त्यात नव्हते. २०२३ मध्ये बॅन्डलॅबने सोनार पुन्हा विक्रीचं सॉफ्टवेअर म्हणून आणत असल्याचं जाहीर केलं. नव्या मालकाने कोड आणि नाव घेतलं म्हणजे जुन्या मालकाने दिलेली सगळी वचनंही घेतली, असं होत नसतं. 'लाइफटाइम' या शब्दात कुणाचं आयुष्य धरलंय, ते आधी विचारायला हवं. बहुतेक वेळा ते उत्पादनाचं असतं, तुमचं नाही.

कुलूप कुठे आहे?

आता थोडं तांत्रिक बघू. तुम्ही सिरियल नंबर टाकता, तेव्हा सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरची एक ओळख तयार करून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर नोंद तपासतो आणि 'या मशीनला परवानगी आहे' अशी डिजिटल सही केलेली एक छोटी फाइल परत देतो. सही करायची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते. तुमचं सॉफ्टवेअर ती सही खरी आहे का, एवढंच तपासू शकतं.

यातून तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सॉफ्टवेअर एकदाच सही मागतं. कंपनी गेली तरी तुमच्या आत्ताच्या मशीनवर ते चालत राहतं. पण हार्ड डिस्क गेली किंवा नवा लॅपटॉप घेतला, की नवी सही द्यायला कुणी नसतं. दुसऱ्या प्रकारात दर काही दिवसांनी सर्व्हरला विचारणा होते. सबस्क्रिप्शनची सॉफ्टवेअर बहुधा अशीच असतात. सर्व्हर बंद झाला, की थोड्याच दिवसांत दुकान बंद. तिसऱ्या प्रकारात सर्व्हर लागतच नाही; सिरियल नंबर टाकला की झालं. अशा सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणि नंबर जपून ठेवला, तर कंपनीशिवायही ते पुन्हा टाकता येतं.

अडोबीने आपल्या सीएस२ या २००५ च्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि नंबर दिले. हे करायला हातात माणसं आणि पैसा लागतो. बुडणाऱ्या कंपनीत शेवटच्या आठवड्यात असा बिल्ड काढून द्यायला इंजिनिअर उरलेला असेलच, यावर मी तरी विसंबणार नाही.

फाइल कुणाच्या भाषेत आहे?

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना हा धडा नव्याने शिकवायची गरज नाही. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. अडोबी बुडाली नाही, तिने फक्त इनडिझाइनकडे मोर्चा वळवला. इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या फाइल उघडत होत्या, त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सोय गेली. त्यात आपला मजकूर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, म्हणजे तो बाहेर काढला तरी रोमन अक्षरांची खिचडी! किती पुस्तकं, दिवाळी अंक अशा फाइलींत अडकून पडले असतील, याचा विचार करा.

सॉफ्टवेअर पुन्हा विकत घेता येतं. पाच वर्षांचं काम पुन्हा करता येत नाही. म्हणून माझ्या मते परवान्यापेक्षा फाइलची काळजी आधी करावी. गाणं पूर्ण झालं, की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, सोबत मिडी. डिझाइन असेल तर पीडीएफ, एसव्हीजी किंवा टिफ. मजकूर वेगळा, युनिकोडमध्ये. यात एडिटिंगचे सगळे बारकावे टिकत नाहीत, पण काम दुसरीकडे पुढे नेता येतं.

शेजारचं घर बदललं तर?

कंपनी गेली, कुलूपही नाही, तरी सॉफ्टवेअर कायम चालेल असं समजू नका. ते ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं असतं. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनामध्ये ३२-बिट ॲप्स चालवणं बंद केलं आणि अपडेट न झालेली असंख्य ॲप्स एका रात्रीत निकामी झाली. विंडोजवर जुनं सॉफ्टवेअर तुलनेने जास्त टिकतं. त्यामुळे मॅकवाल्यांनी अशा खरेदीचं आयुष्य थोडं कमीच धरावं.

एक उलटं उदाहरणही आहे. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर एनएएन नावाच्या डच कंपनीचं होतं. २००२ मध्ये कंपनी बंद पडली. तेव्हा टॉन रोझेनडाल यांनी लोकांकडून एक लाख युरो गोळा करायची मोहीम काढली. ती रक्कम सात आठवड्यांत जमली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडरचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला. आज ते जगभर वापरलं जातं. पण हे घडलं, कारण गुंतवणूकदार कोड सोडायला तयार झाले. प्रत्येक वेळी तसं होत नाही.

मग घ्यायचं की नाही?

मी असा हिशोब करतो. आजपासून एकही अपडेट मिळणार नाही, असं धरायचं. तरीही हे सॉफ्टवेअर माझ्या आत्ताच्या मशीनवर किती महिने कामाला येईल? समजा किंमत १२,००० रुपये आणि वापर तीन वर्षांचा, तर महिन्याला साधारण ३३३ रुपये भाडं पडलं. तेवढी कमाई किंवा तेवढा आनंद त्यातून मिळत असेल, तर खुशाल घ्या. भविष्यात येणाऱ्या फीचरसाठी मात्र एक रुपयाही मोजू नका.

पैसे भरण्याआधी हे करून बघा:

१. ट्रायल आवृत्ती टाका, इंटरनेट बंद करा आणि काही दिवस वापरा. विकत घेतलेल्या आवृत्तीला ऑफलाइन ॲक्टिव्हेशन आहे का, हे मदतपानावर वाचा.

२. ट्रायलमध्ये निर्यात चालत असेल, तर एक छोटा प्रोजेक्ट पूर्ण करून तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा.

३. मागच्या वर्षभरातले अपडेट कधी आले आणि त्यात काय दुरुस्त झालं, ते पाहा. सेल सगळ्याच कंपन्या लावतात. पण अपडेट थांबलेत आणि 'लाइफटाइम' योजना जोरात विकली जातेय, तर सावध व्हा. तिथे उद्याचं उत्पन्न आजच गोळा करणं चालू असू शकतं.

४. सबस्क्रिप्शन असेल, तर वर्षाऐवजी महिन्याचं घ्या. थोडं महाग पडेल, पण आगाऊ पैसे भरलेला ग्राहक दिवाळखोरीत देणेकऱ्यांच्या रांगेत फार मागे उभा असतो.

५. घेतल्यावर त्याच दिवशी इन्स्टॉलर, सिरियल नंबर आणि पावती दोन ठिकाणी साठवा. कंपनीच्या वेबसाइटवरचं 'माय अकाउंट' हे पान म्हणजे बॅकअप नव्हे.

पहिल्या दोन कसोट्यांत सॉफ्टवेअर नापास झालं, तर कंपनी कितीही श्रीमंत असली तरी मी दोनदा विचार करीन. पास झालं, तर कंपनी अडचणीत असतानाही ते घ्यायला हरकत नाही. छोट्या कंपन्यांचं चांगलं सॉफ्टवेअर लोकांनी घेतलं, तरच त्या टिकतात, हेही तितकंच खरं.