किनाऱ्यावर रोवलेले दगड

आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकणारे पोर्तुगीज खलाशी सुरुवातीला लाकडी क्रूस उभारत, झाडांच्या खोडांवर खुणा कोरत. खाऱ्या वाऱ्यात लाकूड टिकणार किती? राजा दुसरा जुआंव याने मग दगडी खांब पाठवायला सुरुवात केली. त्यांना म्हणत ‘पाद्रांव’. माथ्यावर क्रूस, खाली पोर्तुगालचे राजचिन्ह आणि कोरीव मजकूर. हे खांब लिस्बनहूनच जहाजात घालून निघत.

१४८२मध्ये निघालेल्या दियोगो कांव याने पहिला खांब कांगो नदीच्या मुखाशी रोवला. ही नदी एवढी जोरकस, की तिचे गोडे पाणी समुद्रात खूप दूरवर लागते. तिथे कांगोचे संपन्न राज्य नांदत होते. पाठवलेले दूत परतेनात, तेव्हा कांवने तिथली काही माणसे ओलीस धरून लिस्बनला नेली. ‘शोध’ हा शब्द वापरताना हेही आठवावे.

दुसऱ्या सफरीत तो आजच्या नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावर पोहोचला. तिथला खांब साडेतीन मीटर उंच, वजन टनाहून जास्त. त्यावर दोन साले कोरली आहेत: जगाच्या निर्मितीपासून ६६८५ आणि ख्रिस्तजन्मापासून १४८५. त्या भूशिराला ‘केप क्रॉस’ हे नाव याच क्रूसावरून पडले. १८९३मध्ये एका जर्मन नौदल कप्तानाने तो उचलून जर्मनीला नेला. तो नामिबियाला परत देण्याचे बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाने २०१९मध्ये जाहीर केले.